गावात माणसाला ओळखतात, कामाला नाही

कलावंतांच्या व्यवसायाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून देवरुखजवळच्या एका गावात राहतो. कलाशिक्षण पूर्ण होऊन बारा वर्षे झाली. जलरंगातील निसर्गचित्रे हे माझे मुख्य काम; पोटासाठी शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवतो. मुंबईतला वर्गमित्र सतत सांगत असतो, 'नेटवर्किंग कर, घरात बसून कोणी विचारणार नाही.' म्हणून गेल्या वर्षी तीन प्रदर्शनांच्या उद्घाटनांना रात्रीच्या गाडीने गेलो. तिन्ही वेळा चहाचा कप हातात धरून कोपऱ्यात उभा राहिलो आणि कोणाशीही न बोलता परतलो. मोठ्या माणसांच्या पुढेपुढे करणे मला जमत नाही आणि खरे सांगायचे तर ते कमीपणाचे वाटते. माझ्यासारख्याने काय करावे?

उत्तर : स्वभावात दोष शोधण्याआधी एवढेच लक्षात घ्या की तुम्ही चुकीच्या दिवशी गेलात. उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रकार आप्तेष्ट, प्रमुख पाहुणे आणि दोन-चार संभाव्य ग्राहक यांच्यात अडकलेला असतो, दालनाच्या व्यवस्थापकाचे लक्ष त्या ग्राहकांवर असते आणि भिंतीवरच्या चित्रांकडे तर त्या गर्दीत फारसे कोणी पाहतही नसते. जहांगीर कलादालनात प्रदर्शन साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपते. त्या आठवड्यातल्या बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी दोन-अडीचला जा. डबा खाऊन झालेला, दालनात चिटपाखरू नाही, भाडे, फ्रेमा आणि टेम्पो यांचा हिशेब मनात चाललेला, अशा वेळी खुर्चीत एकट्या बसलेल्या चित्रकाराला कोणी 'या आकाशात कागद कोरा राखलात की ओला असताना रंग उचललात?' असे विचारले, तर तो अर्धा तास आनंदाने बोलतो. जाण्यापूर्वी अभिप्रायवहीत 'छान' किंवा 'अप्रतिम' असे न लिहिता एखाद्या ठरावीक चित्राविषयी एक वाक्य लिहा आणि खाली नाव, गाव व फोन क्रमांक द्या. प्रदर्शन संपल्यावर ती वही चित्रकार पानन् पान वाचतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

कमीपणाच्या भावनेचे म्हणाल तर ती मला समजते, पण पूर्ण पटत नाही. सासवने हे अलिबागजवळचे समुद्राकाठचे गाव तुम्हाला ठाऊक असेल; शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथले, जन्म १८९१ चा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी मुलगा असताना काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे (आताचा रायगड) तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या साहाय्याने हा मुलगा मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत पोहोचला. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या पाठबळावर त्यांनी कलकत्त्यात काम केले आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्या हातून घडला. या हकिकतीचा 'नशीब लागते' असा अर्थ लोक काढतात. मला त्यात वेगळेच दिसते : चित्र भिंतीवर होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होते. ते वहीत मिटून ठेवलेले असते तर जिल्हाधिकारी दहादा गावात येऊनही काही घडले नसते. दोघांच्या मध्ये काम ठेवलेले असेल तर बोलणे त्या कामाविषयी होते आणि पुढेपुढे करण्याचा प्रश्नच उरत नाही. मध्ये काही नसले की मग केवळ हसणे आणि मान डोलावणे उरते, आणि तुम्हाला नेमकी त्याचीच लाज वाटते.

माझा स्वतःचा एक फजितीचा प्रसंग सांगतो. कोकण रेल्वे अजून आलेली नव्हती, तेव्हाची गोष्ट. भर श्रावणात, गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली पंधरा जलरंगचित्रे घेऊन मी रात्रीच्या एसटीने मुंबईला गेलो आणि वेळ न घेताच एका दालनात शिरलो. कागद दमटपणाने फुगले होते, उलगडले की पुन्हा गुंडाळत होते. तिथल्या गृहस्थांनी तीन चित्रे पाहिली आणि 'काही ठेवून जाता का?' असे सौजन्याने विचारले. ठेवण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते, ना फोटो, ना पत्ता छापलेला कागद. कित्येक वर्षे मी हा प्रसंग 'मुंबईवाले कोकणातल्या माणसाला उभे करत नाहीत' या सदरात मोडून सांगत असे.

म्हणून आधी ठेवून येण्यासारखी वस्तू तयार करा. दहा-बारा चित्रे निवडा, त्याहून अधिक नकोत. ती काचेआड जाण्यापूर्वीच त्यांचे फोटो ढगाळ दिवशी पडवीच्या उजेडात काढा. असा मऊ उजेड आपल्याकडे जून ते सप्टेंबर फुकट मिळतो. प्रत्येक चित्राखाली शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत लिहा. किंमत लिहायला आपल्याकडचे चित्रकार फार संकोचतात आणि 'बघू, तुम्ही काय द्याल ते' म्हणतात, त्यामुळे घेऊ पाहणारा माणूस अवघडून विषय बदलतो. हे सारे एका पीडीएफमध्ये घाला. व्हॉट्सॲपवरून पाठवताना सुटी छायाचित्रे न पाठवता ही फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर जलरंगातल्या हलक्या छटा दाबल्या जाऊन सगळे चित्र करडे दिसते.

आता खरा मुद्दा. तुमच्या पत्रात मुंबईतली तीन उद्घाटने आहेत, पण देवरुख, संगमेश्वर, रत्नागिरी, चिपळूण यांचा उल्लेख एकदाही नाही. कोकणात ओळखीची वाण कधीच नसते. एसटीत शेजारी बसलेला माणूस दोन थांब्यांत तुमचे आजोळ शोधून काढतो. मात्र ही ओळख आडनावाची, वाडीची, पालखीच्या मानाची असते. तुम्ही काय करता असे त्याच माणसाला विचारले तर 'चित्रं काढतो, शाळेत शिकवतो' इतकेच तो सांगेल; तुम्ही कोणती चित्रे काढता, ती विकत मिळतात का, घराच्या दर्शनी भिंतीसाठी सांगितले तर करून देता का, यांतले त्याला काहीही माहीत नसते. घराच्या जुन्या ओळखीवर कामाची ओळख आपोआप चढत नाही, ती वेगळी करून द्यावी लागते.

ती कोणाला करून द्यावी? प्रथम तुमच्या फ्रेमवाल्याला. तालुक्यात चित्र भिंतीवर कोण लावतो हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते, आणि त्याच्या दुकानात तुमचे एक चांगले फ्रेम केलेले चित्र टांगलेले असेल तर ते महिन्याला जितक्या डोळ्यांखालून जाते तितक्या डोळ्यांखालून ते मुंबईच्या दालनात आठवड्यात जाईलच असे नाही. त्यानंतर रत्नागिरी-चिपळुणातले वास्तुविशारद, कारण किनाऱ्यावर घरगुती निवास आणि छोटी हॉटेले उभी राहत आहेत आणि त्यांच्या भिंतींवर बहुधा परदेशी समुद्राचे छापील फोटो लागतात. गणपतीपुळ्याला राहायला आलेल्या पाहुण्याला खोलीत आपल्याच खाडीचे चित्र दिसावे, हे मालकाला पटवणे मला तरी अवघड वाटत नाही. आणि तिसरे म्हणजे तुमच्याच गावाचे मुंबईतले ग्रामस्थ मंडळ. त्याच्या बैठका होतात, वार्षिक सभा होते, अहवाल छापला जातो, आणि त्यातले कितीतरी चाकरमानी गावात नवे घर बांधत असतात. गणपतीत ते पाच-सात दिवस गावी येतात. त्या दिवसांत आरत्यांच्या वेळा सोडून दोन दिवस आपल्या पडवीत चित्रे मांडा आणि घरोघरी तोंडी निमंत्रण द्या. 'आपलाच माणूस' म्हणून निम्म्या किमतीत मागणारे भेटतील. त्यांना किंमत कमी करून देण्यापेक्षा लहान आकाराचे चित्र दाखवा. एकदा पाडलेली किंमत मंडळाच्या पुढच्या बैठकीत सर्वांना ठाऊक झालेली असते.

मुंबई सोडा असे मी म्हणत नाही. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ सालची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शने, तसेच शासनाच्या कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन, यांत चित्रे निवडीसाठी पाठवता येतात. राज्य प्रदर्शनाचे विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात, तुम्ही कलाकार विभागात मोडता. प्रवेशिका पाठवायचीच असेल तर एकट्याने पाठवू नका. देवरुखला कलामहाविद्यालय आहे, सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. तिथले माजी विद्यार्थी तुमच्याच वयाचे आणि तुमच्याच अडचणीतले असणार. चौघांनी मिळून एक टेम्पो केला तर खर्च चौथा हिस्सा होतो, आणि संगमेश्वर ते मुंबई या प्रवासात चौघांमध्ये कागद कुठून आणतोस, कोणत्या दालनाने पैसे थकवले, कोणता ग्राहक पुन्हा विचारत होता, या विषयांवर जे बोलणे होते त्याची सर कोणत्याही उद्घाटनाला नाही. बरोबरीच्या माणसांशी असलेली ओळखच पुढे जास्त उपयोगी पडते, कारण दहा वर्षांनी त्यांच्यातलाच एक परीक्षक होतो, एक शिक्षक, एक जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक. तुम्हाला सारखा टोकणारा तो वर्गमित्रही त्यांतलाच. त्याला पुढच्या वेळी उद्घाटनाची तारीख न विचारता तुमची पीडीएफ पाठवा आणि 'यातली कोणती तीन काढून टाकू?' असे विचारा.

आणखी एक. साधी वही घ्या आणि भेटलेल्या माणसाचे नाव, तारीख, काय बोलणे झाले आणि आपण काय पाठवायचे कबूल केले, एवढे चार रकाने आखा. आठ-दहा दिवसांत एक निरोप जायला हवा. नमुना म्हणून देतो : 'नमस्कार. बुधवारी आपल्या प्रदर्शनात भेटलो होतो, देवरुखचा. खाडीच्या चित्रातल्या ओल्या कडांविषयी आपण सांगितलेत ते घरी करून पाहिले, सोबत फोटो आहे. उत्तराची घाई नाही.' यात मागणी नाही. मागणी करण्याची वेळ येईल तेव्हा ती एकच आणि नेमकी असावी. 'माझ्यासाठी काहीतरी बघा' या वाक्याला उत्तर देणे कोणालाच शक्य नसते. 'मे महिन्यात आपल्या दालनात चार दिवस मोकळे आहेत का?' याला हो किंवा नाही म्हणता येते. एक मात्र ध्यानात ठेवा, जहांगीरसारख्या ठिकाणी अर्ज केल्यापासून वर्षानुवर्षे थांबावे लागते, म्हणून तो अर्ज आजच टाकून ठेवा आणि विसरून कामाला लागा.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याला राहते. कथा-कवितांसाठी रेखाचित्रे आणि मुखपृष्ठे करते. मुलगी तीन वर्षांची असल्याने प्रवास होत नाही, त्यामुळे सर्व संबंध फोनवर आणि ईमेलवर. दिवाळी अंकांसाठी गेली दोन वर्षे संपादकांना लिहिते, पण 'या वर्षीचे काम वाटून झाले' असे उत्तर येते. एका अंकाने 'मानधन नाही, पण प्रसिद्धी मिळेल' म्हणून चार चित्रे घेतली आणि त्यांतले एक चित्र पुढच्या वर्षी न विचारता पुन्हा छापले. तक्रार केली तर संबंध बिघडतील, या भीतीने गप्प राहिले. माझे चुकले का?

उत्तर : आधी उशिराविषयी. तुम्ही बहुधा गणपतीच्या सुमारास लिहीत असाल. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची ही परंपरा फराळाच्या वेळी वाचकाच्या हातात पडते, पण तिचे काम उन्हाळ्यापासून चालू असते. पावसाळ्याच्या मध्यापर्यंत कथा संपादकाच्या हाती येऊ लागतात आणि त्या कोणाच्या हातात चित्रासाठी द्यायच्या हे त्याच्या मनात पक्के होत आलेले असते. तेव्हा अक्षय्य तृतीया उलटली की लिहा. पत्रात 'मला संधी द्यावी' हे वाक्य नको. त्या अंकाच्या गेल्या वर्षीच्या एखाद्या कथेसाठी आपण कसे चित्र काढले असते ते काढून सोबत जोडा, आणि काळ्या-पांढऱ्या चित्राला किती दिवस लागतात व किती मानधन घेता ते लिहा. दूर राहणाऱ्या चित्रकाराविषयी संपादकाला एकच धास्ती असते, वेळेवर मिळेल ना. दोन वर्षे तारखेच्या आदल्या दिवशी चित्र पोहोचले तर वेंगुर्ला आणि विलेपार्ले यांत त्याला काही फरक राहत नाही. लेखकांनाही विसरू नका. ज्यांच्या कथेला तुमचे चित्र लागले आहे त्यांना अंक निघाल्यावर मूळ चित्राचा चांगला फोटो पाठवा. पुढच्या पुस्तकाच्या वेळी मुखपृष्ठ कोणाकडून करायचे ही चर्चा निघते तेव्हा पुष्कळ प्रकाशक लेखकालाही विचारतात.

आता दुसऱ्यांदा छापलेले चित्र. तुमचे चुकले ते गप्प राहण्यात नसून त्याआधीच, काही लिहून न घेण्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. दुसऱ्या बाजूने, कोणी मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राच्या बाबतीत, उलट करार नसेल तर हक्काचा पहिला मालक काम सांगणारा ठरू शकतो. तुम्ही मोबदलाच घेतला नाही, त्यामुळे तुमची बाजू उलट बळकट आहे. पण यापुढे पैसे घ्याल आणि घ्यायलाच हवेत, तेव्हा प्रत्येक वेळी दोन ओळी लिहून संपादकाचा लेखी होकार मिळवा : 'हे चित्र फक्त या वर्षीच्या छापील अंकात एकदा वापरण्यासाठी दिले आहे. हक्क चित्रकर्तीकडे राहतील. पुन्हा वापरायचे असल्यास कळवावे.' जुन्या प्रकरणात त्या संपादकांना चिडका मजकूर न लिहिता पुनर्वापराचे एक माफक बिल पाठवून द्या. पैसे आले तर उत्तमच. नाही आले तरी तिसऱ्यांदा छापताना हात थबकेल. बिल पाठवल्यामुळे तुटणारा संबंध व्यावसायिक संबंध नव्हताच, हे माझे मत थोडे कठोर वाटेल. पण मी अशी दोन बिले पाठवली आहेत आणि दोन्ही ठिकाणांहून पुढे कामे आली.

फुकट काम अजिबात करू नये, असेही नाही. गावच्या सप्ताहाची पत्रिका, शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, इथे आपण वर्गणी देतोच, तशी ती चित्रातून द्यावी. फक्त त्यासोबतही नेहमीच्या दराचे बिल द्या आणि खाली 'ही रक्कम देणगी समजावी' असे लिहा. समितीला तुमचा दर कळतो, आणि समितीवर बसलेल्या मंडळींपैकी कोणाचा ना कोणाचा आंब्याच्या पेट्यांचा किंवा काजूचा धंदा असतोच. त्याला कधीतरी लेबल करून हवे असते.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यातल्या एका दशावतारी कंपनीत सहा वर्षे काम करतो, स्त्रीभूमिका करतो. जत्रांचा हंगाम संपला की पावसाळाभर काम नसते. शहरातल्या नाट्यसंस्थांशी आणि महोत्सवांशी ओळख वाढवावी असे वाटते, पण कंपनीच्या मालकांना ते आवडेल की नाही, अशी धाकधूक आहे.

उत्तर : मालकांना आधी सांगा आणि मगच पहिला फोन करा. कार्तिकापासून पुढे रात्रीमागून रात्र ठरलेली असताना ऐन हंगामात एक स्त्रीपार्टी अचानक नाही म्हणाला तर कंपनीची काय तारांबळ उडते हे तुम्ही जाणता. ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून त्यांच्या कानी गेली तर सहा वर्षांची पुण्याई एका रात्रीत जाईल. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरतेच बोलत आहोत, हे स्पष्ट केले तर बहुतेक मालक हरकत घेणार नाहीत, कारण बाहेर नाव झालेल्या नटाचा जत्रेतही भाव वाढतो.

बाहेरच्यांना तुमचे काम कळण्यासाठी अख्ख्या रात्रीचे चित्रीकरण पाठवू नका, ते कोणी पाहत नाही. एकाच प्रवेशाची, आवाज स्वच्छ असलेली आठ-दहा मिनिटे घ्या, आणि रंगभूषा करतानाची वेगळी पाच मिनिटे. शहरातल्या नाट्यशाळांना या दुसऱ्या भागात अधिक रस असतो, कारण तुम्ही स्वतःची रंगभूषा स्वतः करता आणि लिहिलेल्या संहितेशिवाय संवाद रचता, या दोन्ही गोष्टी त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकायच्या असतात. प्रयोगाइतकेच कार्यशाळेचे काम पावसाळ्यात मिळू शकते. उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या दोन्हींच्या कक्षेत महाराष्ट्र येतो आणि दोन्ही लोककलांचे कार्यक्रम करतात. तिथे अर्ज मात्र कंपनीच्या नावाने करावा, म्हणजे मालकही सोबत राहतील.

तुमच्याच तालुक्यात पिंगुळी आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपण्यासाठी आपल्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे दूरदूरहून अभ्यासक आणि पर्यटक येतात. एखाद्या रिकाम्या दुपारी सायकल काढून तिथे जा आणि आलेल्या माणसांशी ते कसे बोलतात, काय दाखवतात, किती वेळ देतात, हे नुसते पाहून या. जाताना तुमचा मुकुट सोबत न्यायला विसरू नका. तिथे आलेला कोणी ना कोणी तो हातात घेऊन पाहायला मागेलच.